‘गुळानं शिसं उतरतं’

जुन्या जालन्यातल्या माझ्या दवाखान्यात सकाळी येणारे सगळेच आजारी असायचे. ज्यांना काही झालेलं नसायचं, तेही आजारी असायचे. अडतीतले शेठ लोक दंड उघडा करून बसायचे आणि बीपी नॉर्मल आहे म्हटलं की नाराज होऊन जायचे. दुपारी जेवण करून मी स्कूटीवरून औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात जायचे. तिथे मात्र एकजात सगळे ठणठणीत. ओठ पांढरेफटक पडलेत, दोन पायऱ्या चढून धाप लागलीय, असा माणूससुद्धा खुर्चीला पाठ टेकायच्या आधी सांगायचा, “आपल्याला काय बी झालेलं न्हाई मॅडम. जल्दी सही करा.”

एकाच गावात राहणाऱ्या माणसांचं हे असं का, याचं मला फार दिवस कुतूहल होतं. मग कळलं. दवाखान्यात आजार निघाला तर औषध मिळतं. कारखान्यात आजार निघाला तर काम सुटतं.

जालना म्हटलं की लोकांना सळ्या आठवतात, बियाणं आठवतं. आमचा कारखाना यातला नव्हता. तिथे जुन्या बॅटऱ्या यायच्या. ट्रॅक्टरच्या, ट्रकच्या, घरातल्या इन्व्हर्टरच्या. त्या फोडायच्या, आतलं शिसं काढायचं, भट्टीत वितळवायचं आणि त्याच्या विटा पाडून परत बॅटरीवाल्यांनाच विकायच्या. शिशाची वीट हातात घ्यायची म्हटली तर दिसते इवलीशी आणि उचलायला गेलं की खांदा निखळतो. नव्या माणसाला ती उचलायला लावून त्याची फजिती बघणं हा तिथला आवडता खेळ होता. मलाही पहिल्या दिवशी तो प्रसाद मिळाला होता.

शिसं अंगात जातं ते दोन वाटांनी. श्वासावाटे धूर आणि धूळ, आणि तोंडावाटे हाताला लागलेलं. कातडीतून ते सहसा जात नाही. आत गेलं की आधी रक्तात फिरतं आणि मग हाडांत जाऊन बसतं. माणसाला काय होतं? सुरुवातीला काहीच नाही. मग चिडचिड, मग बद्धकोष्ठ, मग पोटात अशी कळ की माणूस गुडघे छातीशी घेऊन लोळतो. हिरड्यांच्या काठाला कधी कधी निळसर रेघ येते. आणि फारच झालं तर मनगट लुळं पडतं. म्हणून तपासणीत माझी एक ठरलेली कवायत असे. दोन्ही हात पुढे करायचे, पंजे वर उचलायचे, चौकातला पोलीस गाड्या थांबवतो तसे. मी वरून दाबणार, त्यांनी दाबू द्यायचं नाही. गडी माणसं या कवायतीवर खूश असत. बाईमाणसाशी ताकद लावायची म्हणून आधी लाजत आणि मग जीव तोडून जोर लावत.

रक्त काढायचं काम मुश्ताककडे होतं. नसेला सुई कधी लागली ते कळायचं नाही, असा त्याचा हात. पण त्याहून मोठं काम होतं ते सुई टोचायच्या आधीचं. हात दंडापर्यंत साबणानं घासून धुवायचा. आमच्या सुरुवातीच्या दिवसांत ऑफिसातल्या एका क्लार्कच्या रक्तात भट्टीवाल्यांपेक्षा जास्त शिसं निघालं. बिचारा दिवसभर संगणकासमोर बसणारा. त्यानं घरी मृत्युपत्राच्या गोष्टी सुरू केल्या. मुश्ताकच म्हणाला, “मॅडम, हे साहेब हात धुवायला तयारच न्हवते. मी स्वच्छ हाय म्हनले.” कातडीवरची धूळ सुईबरोबर नळीत गेली होती. पुन्हा धुऊन घेतलं तर आकडा एकदम साधा. क्लार्कसाहेब त्या दिवसापासून रक्त द्यायचं असो नसो, आल्या आल्या हात धुवायचे.

दुसरे एक गृहस्थ याच्यापुढे गेले. त्यांचा आकडा वाढला होता, भट्टीवरून हलवणार अशी कुणकुण लागलेली. पुढच्या तपासणीला ते हसतमुखानं आले, हात धुतले, रक्त दिलं. मी पोट तपासायला सदरा वर करायला लावला आणि बघतच राहिले. गेल्या खेपेला पोटावर अपेंडिक्सच्या ऑपरेशनचा व्रण होता. तो गायब. मी म्हटलं, “अहो, व्रण कुठं गेला?” ते म्हणाले, “भरून आला मॅडम.” मुश्ताक इतका हसला की त्याच्या हातातली नळी पडता पडता राहिली. तो त्यांचा धाकटा भाऊ होता. दोघांचे चेहरे सारखे, बोलणं सारखं, फक्त अपेंडिक्स एकाकडेच उरलेलं. मी रागावले नाही. शाळेत मुलं एकमेकांची हजेरी देतात तसं हे. फक्त इथे हजेरी रक्ताची होती.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं, त्या रंगनाथरावांकडे येते.

रंगनाथराव भोकरदनकडच्या केदारखेड्याचे. उंच, काटक, डोक्याला कायम पांढरीशुभ्र टोपी. भट्टीच्या उष्णतेत सगळे काळवंडायचे, यांची टोपी मात्र संध्याकाळी बाहेर पडताना धोब्याकडून आल्यासारखी. ती ते कपड्यांच्या कप्प्यात ठेवून जायचे आणि अंघोळ करूनच घालायचे. ते भट्टीचे मिस्त्री होते. भट्टीचं तोंड उघडलं की आतल्या रंगावरून माल तयार झाला की नाही हे सांगणारे. विडी नाही, तंबाखू नाही, मास्क न लावता कधी दिसले नाहीत. मी नव्या माणसांना त्यांच्याकडे बोट दाखवून सांगायचे, असं वागा.

आणि याच माणसाचा आकडा वर गेला. दुसऱ्यांदा केला, तरी वर. हाताची कवायत करताना उजवं मनगट माझ्या बोटाखाली जरासं खाली गेलं. अगदी जरासं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. दोघांनाही कळलं होतं.

नियमाप्रमाणे मी त्यांना भट्टीवरून काढलं आणि स्टोअरमध्ये बसवायला सांगितलं. स्टोअर भट्टीपासून लांब, तिथे धूर नाही, बॅटरीची फोडाफोड नाही. रक्तातलं शिसं अशा वेळी दोन-तीन महिन्यांत चांगलं उतरायला लागतं. मी रंगनाथरावांना तसं सांगितलं. ते म्हणाले, “उतरलं का मंग भट्टी मिळंल ना?” मी म्हटलं, मिळेल.

उतरलं नाही. वाढलं.

मी प्रयोगशाळेला फोन करून भांडले. नमुना परत पाठवला. तेच उत्तर. हाडांतलं शिसं कधी कधी परत रक्तात उतरतं, त्यामुळे आकडा हळू खाली येतो, हे मला माहीत होतं. पण हळू खाली येणं वेगळं आणि वर चढणं वेगळं. भट्टीपासून लांब बसलेला माणूस भट्टीवाल्यांच्या पुढे गेला होता. कंपनीचा सुरक्षा अधिकारी जाधव, चांगला मुलगा, पण सगळ्या प्रश्नांची उत्तरं भिंतीवरच्या फलकात आहेत असं मानणारा. तो म्हणाला, “मॅडम, चोरून तंबाखू खात असणार. पुढच्या खेपेलाही असाच आला तर ऑफिस म्हणतंय की घरी पाठवा. स्टोअरमध्येही चढतंय म्हटल्यावर आम्ही त्यांना बसवायचं कुठं?”

म्हणजे आमच्या हातात एक तपासणी उरली होती. तेवढ्यात शिसं कुठून येतंय ते सापडलं नाही, तर रंगनाथरावांचं काम जाणार होतं. आणि काम गेलं तरी शिसं थांबेल याचा भरवसा नव्हता. ते घरातून येत असेल तर घरी पाठवणं म्हणजे आगीतून फुफाट्यात.

मला कोड्यांची वाईट खोड आहे. आमचे हे म्हणतात, हिला जेवणात खडा लागला तर ही तांदूळवाल्याच्या शेतापर्यंत जाईल. एका रविवारी मी मुश्ताकला बरोबर घेतलं आणि केदारखेडा गाठलं.

रंगनाथरावांची बायको कौसाबाई. तिनं आम्हाला ओसरीत बसवलं आणि मी तिच्या स्वयंपाकघरात शिरले. पितळेच्या भांड्यांना कल्हई कुणाकडून करता? कल्हईच्या कथलात कधी कधी शिसं मिसळलेलं असतं. कौसाबाई म्हणाली, “पितळ कव्हाच माळ्यावर टाकलं. आता समदं स्टीलच हाय.” पाणी? गावाच्या बोअरचं, सगळ्यांचंच. गुडघेदुखीसाठी कुणा वैदूची भस्मं, पुड्या? काही नाही, एक बामची बाटली. डोळ्यांत सुरमा? ती पदर तोंडाला लावून हसायला लागली. “ह्या वयात सुरमा घालून कुटं जावं मॅडम?” माझी यादी संपत आली होती आणि तिच्या घरात एकसुद्धा गुन्हेगार सापडत नव्हता. मी तिचं आणि तिच्या सासूबाईंचं रक्त मात्र घेतलं. एकाच घरातलं अन्न-पाणी खाणाऱ्या दोघींच्या रक्तात काय निघतं, ते बघायचं होतं.

निघताना तिनं शिरा केला. भरपूर वेलची घालून. मी आणि मुश्ताकनं ताट साफ केलं. रंगनाथरावांनी वाटी बाजूला सारली. मला लगेच मधुमेहाची शंका आली. मुश्ताकनं तिथल्या तिथे बोट टोचून साखर बघितली. ती बिलकुल बराबर.

“मग गोड कशाला सोडलं?” मी विचारलं.

उत्तर कौसाबाईनं दिलं. “सोडलं कुटं? स्टोअरला गेल्यापासनं दिसभर गूळच खाऊन राह्यलेत कंपनीत. घरी आलं का गोडाचं नाव काढू देत न्हाईत.”

आम्ही सगळे हसलो. मीही हसले. गुळाचं मला माहीत होतं. कारखान्यात पाळी संपताना प्रत्येकाला स्टोअरमधून गुळाचा खडा मिळे. गुळानं शिसं उतरतं, असा तिथे पक्का समज. धुळीच्या कामाला गूळ द्यायची रीत कित्येक कारखान्यांत आहे. गुळानं शिसं उतरत नाही. पण थकल्या माणसाला बरं वाटतं, त्यामुळे मी कधी मोडता घातला नव्हता. मी गेले की माझ्यासमोरही बशीत खडा यायचा आणि मी तो आवडीनं खायची.

आठवड्यानं कौसाबाईचा आणि तिच्या सासूचा रिपोर्ट आला. दोघींचं रक्त स्वच्छ. म्हणजे घर सुटलं. शिसं कारखान्यातलंच होतं, आणि स्टोअरमधलंच होतं. आणि स्टोअरमध्ये गेल्यापासून त्यांच्या आयुष्यात नवी म्हणावी अशी एकच गोष्ट होती. कौसाबाईनं ती मला शिऱ्याबरोबर वाढली होती आणि मी ती हसण्यावारी नेली होती.

दुसऱ्या दिवशी मी न सांगता स्टोअरमध्ये जाऊन बसले. रंगनाथरावांना म्हटलं, तुमचं चालू द्या, मी नुसती बसते. त्यांनी माझ्यासाठी स्टूल पुसलं. पाळी सुटायची वेळ झाली. त्यांनी आधी हात धुतले, साबण लावून, नखांतून. मग कपाटातून पांढऱ्या फडक्यात बांधलेली गुळाची ढेप काढली. मी मनात म्हटलं, याहून स्वच्छ काय असणार? मग त्यांनी कोपऱ्यातून एक चौकोनी, चकचकीत ठोकळा ओढला, तोही फडक्यानं पुसला, त्यावर ढेप ठेवली आणि हातोडी हाणली.

आवाज आला नाही. म्हणजे आला, पण मेलेला. धप्प.

“हे काय आहे खाली?” मी विचारलं.

“वीट हाय मॅडम. आपलीच.”

“शिशाची?”

“हाव. लोखंडावर फोडाय गेलं का तुकडे उडत्यात. लाकडाला चिटकतंय. हिच्यावर ठोका बसला का बसला, बिलकुल उडत न्हाई.” त्यांनी अभिमानानं तिच्यावरून हात फिरवला. “बघा, कशी आरशावानी ठिवलीय. रोज घासतो.”

“ही इथे ठेवली कुणी?”

“आधीपासनंच हाय. माझ्या आधी एक म्हातारबुवा होता इथं, त्यानं दावलं मला.”

त्यांनी खडे ताटात भरले. विटेवर गुळाचा भुगा उरला होता. तो त्यांनी बोटानं गोळा केला, विटेच्या खाचांतून निपटून घेतला आणि तोंडात टाकला. अन्न वाया घालवायचं नाही. दिवसातून प्रत्येक पाळीला.

खोटं कशाला सांगू, आधी मला आनंद झाला. कोडं सुटल्याचा निखळ, पोरकट आनंद. टाळी वाजवावीशी वाटली. मग समोर बसलेल्या माणसाचं बोट चाटणं दिसत राहिलं.

त्या दिवशीचा गूळ मी वाटू दिला नाही. रंगनाथरावांना काहीतरी कारण सांगून ताट माझ्या खोलीत नेलं. मुश्ताकनं दोन ग्लास कोमट पाणी आणलं. एकात ताटातला खडा विरघळवला, दुसऱ्यात फडक्यातल्या ढेपेचा, मी सुरीनं वरून कापून घेतलेला तुकडा. दोन्ही पांढऱ्या फडक्यांतून गाळले. कापलेल्या तुकड्याच्या फडक्यावर उसाचा चोथा आणि थोडी माती राहिली. ताटातल्या खड्याच्या फडक्यावर तेवढंच होतं आणि वर करड्या चकचकीत कणांची बारीक पूड. खात्रीसाठी मी दोन्ही नमुने प्रयोगशाळेत पाठवले, पण मुश्ताकला खात्री तिथंच पटली होती. तो म्हणाला, “मॅडम, आपनबी खाल्ला ना ओ हा.”

आम्ही दोघांनी एकमेकांचं रक्त काढलं. आमचे आकडे बाहेरच्या माणसाला शोभणार नाहीत इतके निघाले, पण घाबरण्यासारखे नाही. आमचे हे म्हणाले, “आता तुला भंगारात घालता येईल. भाव चांगला आहे शिशाला.”

इथवर सगळं सोपं होतं. अवघड पुढे झालं. जाधवनं माझ्याशी न बोलता गेटवर फलक लावला: आजपासून गूळ बंद. कारण काही लिहिलं नाही. कारण लिहिलं तर कंपनीवर बोट येईल, असं त्याच्या वरच्या साहेबांना वाटलं असणार. झालं. माणसांना वाटलं, खर्च वाचवायला मालकानं आपलं औषध बंद केलं. पुढच्या रक्ततपासणीच्या दिवशी मुश्ताक सुया मांडून बसला आणि एक माणूस आला नाही. निरोप आला, “गूळ न्हाई तर रक्त न्हाई.”

मी आधी रंगनाथरावांना बोलावलं. दोन ग्लास त्यांच्यासमोर ठेवले आणि सगळं त्यांनाच करायला लावलं. विरघळवणं, गाळणं. फडक्यावरचे कण त्यांनी बोटावर घेतले, उजेडात धरले, अंगठ्यानं चोळले. शिसं ओळखायला त्यांना माझी गरज नव्हती. बोट त्यांनी फडक्याच्या कोपऱ्याला पुसलं.

मग म्हणाले, “म्हंजी मी समद्यांला शिसं वाटून राह्यलो होतो.”

“तुम्हाला माहीत नव्हतं.”

“हात तर माझाच होता ना मॅडम.”

मला खूप वाईट वाटलं. ज्या माणसाला सगळ्यात जास्त बाधलं होतं, तोच अपराधी होऊन बसला होता. मी म्हटलं, उद्या कँटीनमध्ये मी सगळ्यांना सांगते. त्यांनी मान हलवली. “तुमी सांगितलं तर म्हन्तील, मॅडम मालकाच्या. मला सांगू द्या.”

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ते अंघोळ करून, टोपी घालून कँटीनमध्ये उभे राहिले. बोलायची सवय नाही, सुरुवातीला टोपीच सारखी करत राहिले. मागून कुणीतरी ओरडलं, “बोल की मिस्त्री, गुळाचं काय झालं?” हशा पिकला. रंगनाथरावांनी टेबलावर स्टीलचा तांब्या ठेवला, त्या दिवशी अडवून ठेवलेल्या ताटातले मूठभर खडे पाण्यात टाकले आणि हातानं ढवळत बसले. गूळ विरघळला. मग गाळायला फडकं हवं म्हणून मी रुमाल पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही. डोक्यावरची टोपी काढली, उलटी केली आणि सगळं गूळपाणी तिच्यातून ओतलं.

ती टोपी टेबलावरून टेबलावर फिरली. प्रत्येकानं तिच्यात बोट घातलं. हे लोक शिशात जगत होते. काय चमकतंय ते कुणी सांगायला नको होतं.

“ज्या विटेवर गूळ फोडला ती मी रोज घासत होतो,” रंगनाथराव म्हणाले. “स्वच्छ राहावी म्हनून. मला वाटलं, लई चांगलं काम करून राह्यलो.”

एक म्हातारा कामगार उठला. “मंग आता गूळच न्हाई का?” त्याच्या आवाजात राग नव्हता. दिवसभराच्या शेवटी ते एवढंसं गोड त्यांचं होतं, ते जाणार म्हणून तो कासावीस झाला होता. मी उठून म्हटलं, गूळ राहील. फक्त तो अंघोळ करून, कपडे बदलून, गेटवर मिळेल, आणि दगडी पाट्यावर लाकडी मोगरीनं फोडलेला असेल. शिसं उतरायचं काम गुळाचं नाही, साबणाचं आहे, हे पण लक्षात ठेवा. जाधवकडे बघून मी हे बोलले. तो मानेनं हो म्हणाला. त्याला दुसरं काही म्हणायला मी जागाच ठेवली नव्हती.

रक्त द्यायला माणसं परत आली. पुढच्या काही तपासण्यांत कितीतरी जणांचे आकडे उतरले. वर्षानुवर्षं ज्यांचे थोडे चढे असायचे आणि मी त्यांना मास्क नीट लावा म्हणून दटावायचे, त्यांचेही. नियमानं गूळ खाणारे, म्हणजे प्रकृतीला जपणारे, हेच त्यात जास्त होते. काळजी घेणाऱ्याला काळजीच नडली होती. याचं मला अजून राहून राहून नवल वाटतं.

रंगनाथरावांची ती शेवटची तपासणी मी ऑफिसकडून पुढे ढकलून घेतली. बरीच हुज्जत घातली. शिसं बाहेर काढायची औषधं असतात, पण ती मूत्रपिंडाला जड आणि फार चढलेल्यांसाठी. पहिलं औषध म्हणजे आत जाणं थांबवणं. ते थांबलं होतं. आता वाट बघायची होती. त्यांना आम्ही स्टोअरमध्येच ठेवलं, लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या. पहिल्या खेपेला आकडा थोडा उतरला. मग अजून. मग धोक्याच्या रेघेच्या चांगला खाली. मनगट सगळ्यात शेवटी सुधारलं. दर खेपेला मी दाबायचे, ते दातावर दात धरून बसायचे, आणि पंजा थोडा थोडा जास्त वेळ टिकायचा. एका दुपारी तो हललाच नाही. मी दोन्ही हातांनी दाबलं. तरी नाही.

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! आयुष्यात खूप पेशंट बरे केले, पण हा विजय मला स्वतःचा वाटला. मी मुश्ताकला हाक मारली, चहा सांगितला. रंगनाथराव सदऱ्याची बाही खाली करत म्हणाले, “मंग मॅडम, भट्टीवर कधीपासनं जाऊ?”

हा प्रश्न येणार हे मला माहीत असायला हवं होतं. मीच वचन दिलं होतं. पण त्या क्षणी मला तो ऐकायचा नव्हता.

“स्टोअरमध्येच राहा ना,” मी म्हटलं. “तिथं आता काही धोका नाही.”

“तिथं मी कोन मॅडम? बोल्ट द्या, हातमोजे द्या, सही घ्या. भट्टीवर नवीन पोरं लावलीत, माल कच्चा काढून राह्यलेत. त्यायला रंगच समजंना. मला तोंड उघडलं का कळतंय.”

“पण तिथं परत चढेल. आज नाही, वर्षानं. तुम्ही किती का जपा, थोडं चढणारच.”

मग अगदी साध्या आवाजात, माझा मान ठेवून, त्यांनी विचारलं, “मंग मला बरं कशापायी केलं?”

दवाखान्यात असते तर याचं उत्तर सोपं होतं. तिथे माणूस बरा झाला की घरी जातो, बायकोपोरांत जातो, शेतात जातो. इथे मी ज्याला बरं करायची, तो बरा होऊन जिथून आजारी पडला तिथेच जायचा, आणि मीच त्याला पाठवायची. ते माझं काम होतं. वीस-बावीस वर्षं मी ते करत होते आणि असं थेट मला कुणी विचारलं नव्हतं.

कार्डावर मी लिहिलं, ‘भट्टीच्या कामास योग्य’. सही केली. त्यांनी कार्ड दोन्ही हातांनी घेतलं, वाकून नमस्कार केला आणि झपाझप निघून गेले. चहा तसाच राहिला. दारात पुढचा माणूस येऊन उभा होता. हात दंडापर्यंत धुतलेला, ओला.

“आपल्याला काय बी झालेलं न्हाई मॅडम,” तो म्हणाला आणि मी सांगायच्या आत त्यानं दोन्ही हात पुढे केले.